सालींचा घडा

“पण तिच्याच घड्यातलं का, बाबा?”

देवमनबाबांनी पेला खाली ठेवला. मिशीला लागलेलं पाणी उपरण्याने पुसलं.

“तहान लागली होती.”

“माझा घडाही तिथेच होता. दोन हात अलीकडे.”

“व्हय का?” बाबा म्हणाले. “पाह्यलाच नाही म्या.”

 आपला घडा बाबांना दिसला नाही यावर चक्रधरचा विश्वास बसला नाही, आणि खरंच दिसला नसेल तर ते त्याहून वाईट, असंही त्याला वाटलं.

देवमनबाबांची मठी डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठावर होती. नाल्याच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्ट्या होत्या. भट्ट्या बंद पडल्या, मालक निघून गेले. शिसं राहिलं. ते मातीत मुरलं आणि मातीतून विहिरींत उतरलं.

पाणी दिसायला नितळ होतं आणि चवीलाही गोड. गावातली लेकरं मात्र पोट धरून बसायची, कारण नसताना किरकिर करायची, शाळेत सकाळी शिकलेलं दुपारी विसरायची.

चक्रधर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. ती नोकरी सोडून तो बाबांकडे आला, मन शांत व्हावं म्हणून. बाबांनी त्याला जप दिला नाही, ध्यान शिकवलं नाही. हाताला धरून मठीच्या विहिरीपाशी नेलं.

“आधी हे शांत कर,” ते म्हणाले.

त्याने केलंही. शेंगा फोडायच्या गिरणीमागे टरफलांचे ढीग पडलेले असत, कुणीही पोतं भरून न्यावं. चक्रधरने ती टरफलं झाकून जाळली, त्यांचा कोळसा कुटला, धुतला, आणि बुडाला भोक पाडलेल्या घड्यात वाळूवर भरला. वरून विहिरीचं पाणी ओतायचं आणि खालच्या मडक्यात थेंब थेंब गळू द्यायचं. शिसं कोळशाला चिकटून राहायचं, पाणी तेवढं पुढे यायचं.

तालुक्याच्या प्रयोगशाळेने ते पाणी पिण्यालायक ठरवलं. बायका घागरी घेऊन मठीच्या दारात येऊ लागल्या. येताना म्हणायच्या, मास्तरचं पाणी आणायला चाललो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत चक्रधरला इतकं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं.

मग वैजयंता आली.

ती शेजारच्या तालुक्यात संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात तपासनीस होती. कारखान्यामागे साली कुजत पडायच्या, माश्या घोंगावायच्या. बाबांच्या दर्शनाला आली आणि दर्शन राहिलं बाजूलाच, घड्यापुढे उकिडवी बसली.

“संत्र्याची साल घालून पाहिली का, भाऊ?”

चक्रधर हसला. कॉलेजात पहिल्या बाकावरच्या पोरांनी प्रश्न विचारला की तो असाच हसायचा.

“पाह्य घालून,” बाबा तिला म्हणाले.

तिने मठीतच मुक्काम ठोकला, साली वाळवल्या, बारीक केल्या, चुन्याच्या निवळीत भिजवल्या. पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धूत राहिली. चक्रधर लांबून पाहत होता. तिचं काहीतरी चुकेल म्हणून तो वाट पाहत होता, आणि ती काही चुकत नव्हती.

सालीने टरफलापेक्षा जास्त शिसं धरलं. हे गावाला समजायला महिना लागला. चक्रधरला पहिल्याच तपासणीत समजलं, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली.

तसा तो वाईट माणूस नव्हता. मठीत कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसणारा होता. पण आता त्याचं निम्मं लक्ष तिच्या घड्यापाशी असायचं. कोणती बाई कोणत्या मडक्यापुढे घागर टेकवते, टेकवताना कुणाकडे पाहून हसते, सगळं त्याच्या नजरेत यायचं. संत्रं सोलल्याचा वास आला तरी त्याचं डोकं उठायचं. विदर्भात राहून या वासापासून पळणार कुठे?

आणि बाबा तिला ‘वैजू’ म्हणायचे.

त्याला मात्र पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’.

“बाबा, एक विचारू?”

“इचार.”

“तुम्ही मला नावाने का नाही हाक मारत?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तुले आवडत नाही का मास्तर?”

“आवडत होतं.”

“मंग?”

“ती आल्यापासून आवडत नाही.”

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शेजारी पडलेलं भुईमुगाचं एक टरफल उचललं आणि बोटांत फिरवत बसले.

“मास्तर, पान्यातलं शिसं जाते कुठी?”

“टरफलात.”

“अन टरफल भरलं की?”

“बदलायचं.”

“नाही बदललं तं?”

“तर नवीन शिसं धरलं जात नाही. पाणी जसं येतं तसं पुढे जातं. कधी कधी धरलेलंही सुटतं.”

“म्हंजे आलं त्याहून जास्त जाते.”

“कधी कधी.”

“अन भरलं हे वरून दिसते का?”

“नाही. वरून तसंच दिसतं.”

“हं…”

बाबांनी टरफल त्याच्या हातावर ठेवलं आणि उठून गेले. चक्रधर वर्गातल्या कोऱ्या फळ्याकडे बघावं तसा त्या टरफलाकडे बघत राहिला. बाबा परीक्षा घेत होते की गप्पा मारत होते, हे त्याला ठरवता आलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याला टोचत होती. त्याच्या घड्यातलं टरफल बदलायची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

तो ते बदलत नव्हता, कारण वैजयंताने अजून साली बदलल्या नव्हत्या. आपण आधी बदललं की बायका म्हणणार, मास्तरचं लवकर संपलं. तिने बदललं की दुसऱ्या दिवशी आपण बदलू, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न. तोवर काय होतंय? मध्यंतरी त्याने पाणी तपासलंही नाही. तपासलं असतं तर बदलावं लागलं असतं.

ती सालींना हात लावायचं नाव घेत नव्हती. साली अजून धरत होत्या, त्या कशाला बदलायच्या?

त्याच सुमारास मठीपुढे सिमेंटची टाकी बांधून झाली. साऱ्या गावाचं पिण्याचं पाणी यापुढे त्या टाकीतून गाळून निघणार होतं. टाकीत टरफल भरायचं की साल, एवढंच ठरायचं बाकी होतं. चार लोकांसमोर, बाबांसमोर, दोन्ही घड्यांचं पाणी तपासायचं आणि ठरवायचं, असं गावाने म्हटलं.

तपासणी सोपी होती. चक्रधरकडे एक औषध होतं. शिसं असलेल्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की पाणी काळपट पडायचं. शिसं जितकं जास्त, तितका रंग गडद.

“टाकीत साल भरली तर मी इथे काय करायचं, बाबा?” आदल्या दिवशी त्याने विचारलं.

“पानी भरायचं.”

“ते कुणीही भरेल.”

“तेच तं म्हन्तो मी.”

“मी तुमच्याकडे आधी आलो…” चक्रधरचा आवाज चिरकला. “ती आली तेव्हा सगळं तयार होतं. घडा ठेवायची जागा मी केली. लोकांना इथवर आणलं मी. आणि तिच्या घड्यातलं पाणी तुम्ही पिता. माझ्यासमोर पिता.”

“तुह्या मांगं पेऊ का?”

चक्रधरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाबांना दिसू नये म्हणून तो विहिरीकडे तोंड करून उभा राहिला.

“माझा हेवा तुम्हाला दिसत नाही का, बाबा?”

“दिसते.”

“मग काहीतरी सांगा.”

“तुले दिसते का?”

“दिसतो. रात्रंदिवस दिसतो.”

“मंग मी अजून काय सांगू?”

तपासणीच्या दिवशी दुपारी मठीत जेवणं झाली आणि जो तो सावली बघून आडवा झाला. वैजयंता मागच्या अंगणात पोत्यावर ओल्या साली पसरत होती. चक्रधर स्वयंपाकघरात गेला. टोपलीतली लिंबं घेतली, चिरली, तांब्याभर पाण्यात पिळली.

हे काम दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. दगड मारून घडा फोडणं कुणालाही जमतं. पण साल शिशाला ज्या जागी धरून ठेवते, त्या जागा आंबट पाणी सोडवून घेतं आणि धरलेलं सगळं शिसं बाहेर लोटतं, हे ठाऊक असणारी माणसं मठीत दोनच होती. त्यातली एक अंगणात साली पसरत होती.

त्याने तिच्या खालच्या मडक्यातलं चांगलं पाणी बाहेर उपसलं आणि तांब्या वरच्या घड्यात ओतला. मागून थोडं साधं पाणी ओतलं, लिंबाचा वास राहू नये म्हणून. खालच्या मडक्यात थेंब पडू लागले.

त्याने सगळा विचार केला होता. तपासणीआधी ते पाणी कुणी पिऊ नये म्हणून मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं. आपण कुणाला विष पाजत नाही आहोत, फक्त रंग दाखवणार आहोत, असं त्याने मनाला बजावलं.

एवढ्यात पंचफुलाबाई घागर घेऊन आली. तिचा नातू लहान होता, म्हणून ती इथल्याशिवाय दुसरं पाणी घरात येऊ देत नसे. फडकं बांधलेलं पाहून ती थबकली.

“हे काऊन बांधलं, मास्तर?”

“तपासायचंय ना आज. तुम्ही माझ्याच घड्यातलं न्या.”

“मी तं तुमच्याच घड्यातलं नेतो. दुसऱ्याच्या घड्याले मी हात नाही लावला कधी.”

चक्रधरला किती बरं वाटलं. अजून कुणीतरी आपलं आहे. त्याने स्वतः तिची घागर भरून दिली आणि डोक्यावर चढवायला हात लावला. पंचफुलाबाई घागर घरी ठेवून तपासणी बघायला परत आली.

ऊन कललं तसे आणखी काही जण जमले. टाकीच्या कडेला ओट्यावर बाबा बसले. वैजयंता हात पुसत आली आणि एका बाजूला उभी राहिली. चक्रधरने औषधाची बाटली आणि काचेचे पेले मांडले. 

“तहान लागली,” बाबा म्हणाले.

कुणी उठायच्या आत तेच उठले. वैजयंताच्या मडक्यापाशी गेले, फडकं सोडलं आणि पेला बुडवला.

“आधी तपासू, बाबा,” चक्रधर म्हणाला.

“तपासनी तुमच्यासाठी. मले तहान हाये.”

“मी आणतो ना… माझ्या घड्यातलं आणतो.”

“हे भरलं आता.”

बाबा पेला घेऊन परत ओट्यावर बसले. काठोकाठ भरला होता. ते पेला हातात धरून टाकीकडे पाहत राहिले, जणू पिण्याची घाई नव्हती.



बोललं तर सगळं संपलं. टाकी तिची, बाबा तिचे, गाव तिचं. आणि आपण चोर. न बोललं तर… एका पेल्याने काय होतं? म्हातारं शरीर आहे. वर्षानुवर्षं हेच पाणी प्यायलेलं आहे. एक पेला. खरंच हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला तो दुसऱ्या कुणाच्या नव्हे, त्याच्याच आवाजात आला.

बाबांनी पेला वर उचलला.

चक्रधरने वैजयंताकडे पाहिलं. ती बाबांकडे पाहत होती, आपल्या हातचं कुणी आवडीने खाताना बाई पाहते तशी.

पेला ओठांना लागला…

“नका पिऊ, बाबा.”

पेला थांबला.

“काऊन?”

“शिसं आहे त्यात.”

“वैजूच्या पान्यात?”

“हो.”

“तिची साल भरली का?”

चक्रधर गप्प राहिला. लोक वैजयंताकडे पाहू लागले. कुणीतरी पुटपुटलं, तरी मी म्हणत होतो. तिचा चेहरा उतरला. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि काय बोलावं ते न सुचून ती थांबली.

हेच तर त्याला हवं होतं. बाबांनी पेला खाली ठेवला असता, लोकांनी मान हलवली असती, आणि टाकीत टरफल पडलं असतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

“तिची साल भरलेली नव्हती,” चक्रधर म्हणाला. “मी लिंबू पिळलं त्यात. दुपारी.”



पंचफुलाबाईने पदर तोंडाला लावला. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, लिंबानं काय होते? शेजाऱ्यालाही माहीत नव्हतं.

वैजयंता पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. चक्रधरला वाटलं, आता ती रडेल किंवा शिव्या देईल. त्याला दोन्ही चाललं असतं.

“किती लिंबं पिळली, भाऊ?”

“टोपलीत होती तेवढी.”

“वरून पाणी किती ओतलं?”

“थोडंसं.”

तिने वरच्या घड्यात वाकून पाहिलं. थोडी साल बोटावर घेतली, हुंगली. मग खालचं मडकं दोन्ही हातांनी अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं. त्याच्या जागी रिकामं मडकं ठेवलं. विहिरीचं पाणी आणून वर ओतलं, ते गळू दिलं. तेही मडकं बाजूला नेऊन झाकलं. पुन्हा रिकामं मडकं, पुन्हा पाणी. यात बराच वेळ गेला. लोक बसून राहिले. बाबा पेला हातात धरून बसले होते.

शेवटचं गळलेलं पाणी तिने काचेच्या पेल्यात घेऊन चक्रधरपुढे ठेवलं.

“टाका औषध.”

त्याने थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं. त्याने आणखी थेंब टाकले. पेला उजेडात धरला. काही नाही.

“लिंबानं जुनं सगळं निघून गेलं,” वैजयंता लोकांकडे वळून म्हणाली. आवाजात राग होता, पण काम सांगताना तो थोडा बाजूला सरला होता. “साल मोकळी झाली. मी पुढच्या आठवड्यात हेच करणार होते. भाऊंनी आधी केलं. मला विचारून केलं असतं तर बरं झालं असतं.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“आता तुमचं,” ती म्हणाली.

चक्रधर हलला नाही.

“राहू द्या,” तो म्हणाला. “टाकीत साल भरा. मी हरलो. आता माझं तपासून काय करायचं?”

“लोक पितात ना ते.”

तिने स्वतःच त्याच्या मडक्यातलं पाणी पेल्यात घेतलं. बाटली उचलली. थेंब पडला आणि पाण्यात धुरासारखा उतरला. दुसरा पडला. पाणी मातकट झालं, मग चहासारखं तपकिरी, मग त्याहून गडद.

चक्रधर पेल्याकडे पाहत होता. हा रंग त्याने मनात पुष्कळदा पाहिला होता, फक्त दुसऱ्या घड्यात.

“हे काय झालं?” पंचफुलाबाईने विचारलं.

तिने वैजयंताचा हात धरला.

“वैजू, पोरी, हे काय झालं?”

“टरफल भरलंय, मावशी. बदलायचं राहून गेलं.”

“कवापासून?”

वैजयंताने चक्रधरकडे पाहिलं. तिने सांगितलं नाही, त्याच्यासाठी सोडलं.

“बरेच दिवस झाले,” तो म्हणाला.

पंचफुलाबाई हळूच खाली बसली.

“म्या तं रोज नेल्लं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो यायला अजून वेळ होता. “नातवाले रोज तेच पाजलं. आता अथी यायच्या आंधी पाजून आली… तुमीच भरून देल्लं न, मास्तर.”

मग ती उठली आणि घराकडे पळत सुटली. म्हातारी बाई, पायातली एक चप्पल मागेच राहिली. दोन बायका तिच्यामागे धावल्या.

 चक्रधर टाकीला टेकला. लिंबू पिळताना त्याने सगळा विचार केला होता. फडकं बांधलं होतं. ज्या घड्याला त्याने हात लावला नव्हता, त्याचा विचार केला नव्हता.

लोक एकेक करून उठले. जाताना त्याच्याशी कुणी बोललं नाही. अंगणात तिघंच उरली.

“बाबा, मी जातो,” चक्रधर म्हणाला.

“कुठी?”

“कुठेही. इथे राहायची माझी लायकी नाही.”

“अन पंचफुलाचा नातू?”

“त्याला… त्याला सकाळी तालुक्याला घेऊन जातो. रक्त तपासून आणतो. सगळ्या लेकरांचं तपासून आणतो. मग जातो.”

“हं.”

“तिची माफी मागतो. आत्ता मागतो. वैजयंताबाई…”

तो वळला. हात जोडले. शब्द फुटेना. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. तुझा घडा बघवत नव्हता, म्हणाला. तुला ‘वैजू’ म्हटलेलं ऐकवत नव्हतं. तू आजारी पडावीस असं वाटायचं. परत जावीस असं वाटायचं. आत्तासुद्धा… आत्तासुद्धा तुझं पाणी स्वच्छ निघालं तेव्हा वाईट वाटलं.

वैजयंता ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. राग गेला नव्हता. पण इतकं सगळं एका माणसाने आपल्यावर ओतावं आणि आपण उभं राहून ते अंगावर घ्यावं, याने ती थकल्यासारखी दिसली.

“मास्तर,” बाबांनी हाक मारली.

तो गप्प झाला.

बाबांच्या हातात तो पेला अजून तसाच होता. काठोकाठ. इतक्या वेळात एक थेंब सांडला नव्हता.

“हे धर.”

चक्रधरने दोन्ही हात पुढे केले. बाबांनी पेला त्याच्या हातांत दिला. हात कापत होते, पाणी काठाशी हललं. त्याने श्वास रोखला आणि हात स्थिर केले.

पेला रिकामा करायला तो नाल्याच्या बाजूला वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. नाला गावातून जात होता. तो परत फिरला, विहिरीमागच्या मोकळ्या जमिनीकडे निघाला. तिथेही थांबला. जमिनीतून पाणी विहिरीतच उतरणार होतं. पेरूच्या झाडापाशी गेला. झाडाला पेरू लागले होते.

पेला सांभाळत तो तसाच परत आला.

“द्या, भाऊ,” वैजयंता म्हणाली. तिने झाकून ठेवलेल्या मडक्याचं झाकण काढलं होतं. “पहिलं पाणी यात आहेच. उद्या चुना घालून खाली बसवीन. यातच ओतते तेही.”

तिने हात पुढे केला. चक्रधरचे हात तिच्याकडे गेले. सुटका झाल्यासारखं त्याने बाबांकडे पाहिलं.

“वैजू,” बाबा म्हणाले. “राहू दे.”

तिने हात मागे घेतला.

चक्रधर दोघांच्या मध्ये उभा राहिला. पेला जड नव्हता, तरी हात भरून आले होते.

“मग हे ओतू कुठे, बाबा?”

बाबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि ओट्यावरून उठले.

“ओत म्हनलं का म्या? … धर म्हनलं.”